ग्राफाइटवर लेसरचा झटका: पहिल्या पिकोसेकंदात ऊर्जा जाते कुठे?

अर्धवाहक

ग्राफीनच्या (ग्राफाइटचा एकच अणू जाडीचा थर) जुन्या धाग्यावर एकाने लिहिलं होतं, "लेसर पडला की इलेक्ट्रॉन तापतात, ते उष्णता जाळीला देतात, विषय संपला." (जाळी म्हणजे स्फटिकातल्या अणूंची मांडणी.) तिथे उत्तर द्यायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. पीएचडीच्या काळात थरांच्या पदार्थांवर फेम्टोसेकंद लेसर मारत बसायचो. आता त्या क्षेत्रात नाही, पण खाज गेलेली नाही.

आधी मोजमाप. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एकावर पंधरा शून्यं इतका भाग. प्रकाश तेवढ्यात ०.३ मायक्रॉन जातो. हजार फेम्टोसेकंदांचा एक पिकोसेकंद, हजार पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद. इतक्या वेगाचा कॅमेरा किंवा ऑसिलोस्कोप कुणाकडेच नाही, त्यामुळे वेळ अंतराने मोजायची. एक लेसर पल्स बीम स्प्लिटरने दोन भागांत तोडायची. जोरकस भाग, म्हणजे पंप, नमुन्याला धक्का देतो. अशक्त भाग, म्हणजे प्रोब, थोड्या वेळाने येऊन 'काय हालहवाल' विचारतो. प्रोबच्या वाटेत सरकत्या पट्टीवर आरसे बसवलेले असतात. पट्टी दीड मायक्रॉन मागे घेतली की जाऊन-येऊन तीन मायक्रॉन वाढतात, म्हणजे प्रोब १० फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. पंधरा सेंटीमीटर सरकवली तर एक नॅनोसेकंद. बस, एवढंच घड्याळ.

नमुन्यावरून परतलेल्या प्रोबची तीव्रता दहा हजारात एक, कधी दहा लाखात एक इतकी बदलते. तेवढं ओळखायला पंपाच्या वाटेत चॉपर (खाचांची चकती) फिरवायचा आणि लॉक-इन अँप्लिफायरला सांगायचं की त्या तालावर जे हलतंय तेवढंच दाखव.

आता ग्राफाइट. ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा. ती इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. हे तापट इलेक्ट्रॉन आपापसात धडकून काही दहा फेम्टोसेकंदांत एका सामायिक तापमानाला येतात. आणि ते तापमान प्रचंड असतं, कारण इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता अगदीच किरकोळ. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये ३० फेम्टोसेकंदांच्या पल्स ग्राफीनवर टाकल्या, तर ग्राफीन चक्क दृश्य प्रकाशात चमकलं. पंपापेक्षा जास्त ऊर्जेचे फोटॉन बाहेर पडत होते. त्या प्रकाशावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान निघालं ३००० केल्विनपर्यंत. जाळी मात्र त्या वेळी त्याच्या जवळपासही नव्हती.

इथपर्यंत त्या सदस्याचं म्हणणं बरोबर. गडबड पुढच्या वाक्यात आहे. "जाळीला देतात" म्हणजे कोणाला? जाळीत कंपनांचे (त्यांनाच फोनॉन म्हणतात) असंख्य प्रकार आहेत आणि इलेक्ट्रॉन त्यातल्या मोजक्यांशीच बोलतात. बर्लिनच्या गटाने २००५ मध्ये ग्राफाइटवर टेराहर्ट्झ प्रोबने (अवरक्ताहूनही लांब तरंगलांबीच्या) दाखवलं की ५०० फेम्टोसेकंदांत ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा मोजक्याच ऑप्टिकल फोनॉनांमध्ये (शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध हलतात ती कंपनं) जाऊन बसते. बाकीच्या जाळीला अजून पत्ता नसतो! ती ऊर्जा पुढे झिरपायला काही पिकोसेकंद लागतात. त्यांचा अंदाज ७ होता.

म्हणजे अर्ध्या पिकोसेकंदाला ग्राफाइटचं तापमान किती, या प्रश्नाला एक उत्तरच नाही. इलेक्ट्रॉनांचं एक, त्या मोजक्या लाडक्या फोनॉनांचं दुसरं, उरलेल्यांचं तिसरं.

शेवंती

सगळं कळलं असं नाही, पण तीन तापमानांचा भाग आवडला. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध शंका: मोजक्याच कंपनांशी बोलतात ते का? जवळ तर सगळेच आहेत.

गिरणगाव

शेवंती, मी असं समजून घेतलं: लोकलमधून गर्दी भसकन उतरते, पण दादरच्या पुलावर तुंबते. पूल म्हणजे ते ऑप्टिकल फोनॉन. बरोबर का?

अर्धवाहक

@गिरणगाव, तुंबण्यापुरतं बरोबर. पण पुलावरून माणसं सहसा परत गाडीत चढत नाहीत. इथे तापलेले फोनॉन इलेक्ट्रॉनांना ऊर्जा परतही देतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एकटे थंड होऊच शकत नाहीत. पहिल्या काहीशे फेम्टोसेकंदांनंतर दोघं जोडीने थंड होतात आणि वेग ठरतो तो फोनॉन पुढे किती लवकर विस्कटतात यावर.

@शेवंती, बाळबोध अजिबात नाही, खरा प्रश्न हाच आहे. धडकीत ऊर्जा आणि संवेग दोन्ही राखावे लागतात. ऊर्जा-संवेगाच्या आलेखावर ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांना जागा फक्त दोन प्रकारच्या शंकूंत, के आणि के-प्राइम या बिंदूंपाशी. म्हणजे इलेक्ट्रॉनाला दोनच उड्या शक्य: स्वतःच्याच शंकूत किंवा समोरच्या शंकूत. पहिल्या उडीला लागतो जवळपास शून्य संवेगाचा फोनॉन, दुसरीला के बिंदूजवळचा. ऊर्जा भरपूर नेईल आणि इलेक्ट्रॉनांशी जोर लावून जोडलेला असेल असा पहिल्या गटात एक (०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, रामन वर्णपटातला, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कंपनं ओळखायच्या पद्धतीतला, प्रसिद्ध जी पट्टा तोच) आणि दुसऱ्यात एक (०.१६ च्या आसपास). अकूस्टिक फोनॉन (शेजारचे अणू बरोबरीने हलतात, ध्वनीसारखी कंपनं) आहेत, पण त्यांना देता येते ती चिल्लर. निव्वळ त्यांच्या भरवशावर राहिलं तर थंड व्हायला नॅनोसेकंद लागतील.

तिरकस

लेख चांगला आहे, पण मला यात एक जुनं दुखणं दिसतं. तुमच्या क्षेत्रातले बरेच पेपर पाहिलेत. एक वाकडी रेघ, तिच्यावर दोन एक्स्पोनेन्शियल (ठरावीक दराने घटत जाणाऱ्या वक्ररेषा) बसवायचे, पहिल्या आकड्याला म्हणायचं 'इलेक्ट्रॉन-फोनॉन', दुसऱ्याला 'फोनॉन-फोनॉन', की झाला पेपर. तीन बसवले तर तिसऱ्याला 'दोष'. परावर्तन बदललं एवढंच तुम्ही मोजलंय. त्यातून तापमान कुठून आलं?

(इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. आमच्याकडे असं केलं तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात.)

खडूफळा

तिरकस यांच्या प्रश्नाच्या उत्तराची मीही वाट पाहतेय. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. जोडीला एक: तुम्ही प्रोब नेहमी पंपाच्याच रंगाचा घ्यायचात का?

अर्धवाहक

तिरकसराव, ९० टक्के मान्य. उरलेले १० टक्के भांडतो.

खडूफळा मॅडमचा प्रश्न आणि तुमचा, दोन्हींचं मूळ एकच. प्रोब पंपाच्याच रंगाचा असेल तर तो एवढंच सांगतो की त्या ठरावीक ऊर्जेच्या पातळीवर जागा भरल्यात का रिकाम्या आहेत. भरल्या असतील तर प्रकाश कमी शोषला जातो. त्या पातळीवरून इलेक्ट्रॉन खाली घसरले की सिग्नल पडतो. आता ते घसरले ते आपापसात धडकून की फोनॉन सोडून, हे त्या रेघेला माहीत नाही. रेघेवर 'इलेक्ट्रॉन-फोनॉन' असं लिहिलेलं नसतं, ते आपण लिहितो.

त्यातही चिन्हाची गंमत बघा. ग्राफीनमध्ये टेराहर्ट्झ प्रोब वापरला आणि नमुना जवळपास तटस्थ असेल, तर पंपानंतर वाहकता वाढते. त्याच ग्राफीनमध्ये डोपिंग (बाहेरून भरलेले जादा इलेक्ट्रॉन किंवा होल) जास्त असेल तर वाहकता घटते! पदार्थ तोच, लेसर तोच, सिग्नल उलटा. सुरुवातीला याच्यावर लोकांनी भरपूर डोकं खाजवलं.

धातूंसाठी दोन तापमानांचं मॉडेल १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडलं: इलेक्ट्रॉनांचं एक, जाळीचं एक. फिलिप अॅलनने १९८७ मध्ये दाखवलं की थंड होण्याच्या वेगावरून इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीचा आकडा काढता येतो. साध्या धातूंत ते बऱ्यापैकी चालतंही. थरांच्या पदार्थांत मात्र 'जाळीचं तापमान' नावाची एक गोष्टच पहिले काही पिकोसेकंद अस्तित्वात नसते, आणि तरी लोक तेच सूत्र लावतात. तिथे मी तुमच्या बाजूने.

भांडण इथे: एका खिडकीतून न बघता चार खिडक्यांतून बघितलं तर उत्तर मिळतं. २०१३ मध्ये दोन गटांनी कोनविभेदी प्रकाशउत्सर्जन कालागणिक मोजलं. अतिनील प्रोबने इलेक्ट्रॉन बाहेर उपटून काढायचे आणि त्यांची ऊर्जा आणि दिशा थेट मोजायची. तिथे इलेक्ट्रॉनांचं वितरण सरळ डोळ्यासमोर दिसतं. त्यावर तापमानाची वक्ररेषा बसते की नाही हेही दिसतं. हे नुसतं परावर्तन नव्हे.

हिमवाट

रोमात (नुसता वाचत) होतो, आता राहवेना. मी इलेक्ट्रॉन विवर्तनवाला. अर्धवाहक यांनी इलेक्ट्रॉनांची खिडकी सांगितली, मी फोनॉनांची सांगतो.

पंप तोच, पण प्रोब म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांची छोटी पल्स. स्फटिकातून गेली की पडद्यावर ठिपके उमटतात. ठिपक्यांकडे सगळेच बघतात. खरी माहिती असते ठिपक्यांच्या मधल्या अंधुक धुक्यात, कारण तिथे प्रत्येक जागा एका ठरावीक संवेगाच्या फोनॉनची. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०१८ मध्ये ग्राफाइटवर हेच केलं. के बिंदूपाशी धुकं चटकन उजळतं, इतरत्र सावकाश. म्हणजे 'मोजकेच फोनॉन आधी तापतात' हे कुठलीही रेघ न बसवता नुसत्या चित्रात दिसलं.

तिरकस यांना: होय, आमच्याकडेही आकडे बसवतातच. पण जागा चुकवता येत नाही.

तिरकस

हे पटण्यासारखं आहे. मग नुसत्या परावर्तनाचा प्रयोग करायचाच कशाला? स्वस्त म्हणून?

अर्धवाहक

स्वस्त म्हणून, हो! :) पण एक गोष्ट त्यात इतकी स्वच्छ दिसते की तिच्यासाठी मी तो प्रयोग आजही करेन: सुसंगत फोनॉन. पल्स जर कंपनाच्या आवर्तकाळापेक्षा आखूड असेल तर सगळे अणू एकदम, एकाच तालावर हलायला लागतात आणि परावर्तनाच्या रेघेवर लाटा उमटतात. तिथे एक्स्पोनेन्शियलचा वाद उरत नाही. लाटा मोजा, वारंवारता काढा.

ग्राफाइटमध्ये हे दोन टोकांना दिसतं. षटकोनी जाळीच्या आतल्या आत कार्बन-कार्बन बंध ताणले जातात ते कंपन ४७ टेराहर्ट्झचं, एक हेलकावा सुमारे २१ फेम्टोसेकंदांचा. तो बघायला १० फेम्टोसेकंदांहून आखूड पल्स लागते, आणि २००८ मध्ये तशी वापरून तो बघितलाही गेला. दुसरं कंपन म्हणजे अख्खा थर शेजारच्या थरावर पुढे-मागे घसरतो. त्याची वारंवारता १.३ टेराहर्ट्झच्या आसपास, एका हेलकाव्याला पाऊण पिकोसेकंदाहून थोडं जास्त. एकाच स्फटिकात, त्याच अणूंची, छत्तीसपट फरकाची दोन कंपनं! आत सहसंयुजी बंध, थरांमध्ये नुसतं व्हॅन डर वाल्स आकर्षण. पेन्सिल कागदावर उमटते ती याच ढिलाईमुळे.

आणि घसरण्याची ही वारंवारता थरांच्या संख्येवर अवलंबून असते. रामनमध्ये दोन थरांना ती ३१ प्रति सेंटीमीटर येते, जाड ग्राफाइटला ४३ च्या आसपास (वरचे १.३ टेराहर्ट्झच, फक्त रामनवाल्यांच्या एककात). मधल्या थरांना दोन्ही बाजूंनी शेजारी असतात, म्हणून स्प्रिंग कडक. म्हणजे लाटा मोजून थर मोजता येतात.

रेणू_नव्हे_अणू

नमस्कार, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला हेच मिळालंय (मॉलिब्डेनम डायसल्फाइड). सर, प्रत्यक्ष प्रयोगात पहिल्यांदा काय बघायचं? आमच्या लॅबमध्ये सगळे 'टाइम झिरो शोध' एवढंच सांगतात आणि चहाला जातात.

अर्धवाहक

हा हा. चहाला जाणं ही परंपरा आहे, जपा.

टाइम झिरो म्हणजे पंप आणि प्रोब एकाच क्षणी पोचतात ती पट्टीची जागा. नमुन्याच्या जागी बीबीओ स्फटिक (दोन फोटॉन जोडून दुप्पट ऊर्जेचा एक करणारा) ठेवा. दोन्ही किरण ८०० नॅनोमीटरचे, थोड्या कोनात येऊन एकाच बिंदूवर पडताहेत. मागे पांढरा कागद धरा. बहुधा दोन निळसर ठिपके दिसतील, प्रत्येक किरणाचे आपापले. आता पट्टी अगदी हळू सरकवा. जागा बरोबर आली की त्या दोघांच्या मधोमध तिसरा निळा ठिपका उमटतो आणि केसभर पुढे गेलात की विझतो. तो ४०० नॅनोमीटरचा, एक फोटॉन पंपाचा आणि एक प्रोबचा मिळून बनलेला. तो पहिल्यांदा दिसेल तेव्हा लॅबमध्ये कुणी नसेल याची तयारी ठेवा. आणि लेसरचा चष्मा काढून बघायचा मोह आवरा, अगदी सीनियर तसं करत असले तरी.

दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही: पट्टी सरकताना प्रोबचा ठिपका नमुन्यावर जराही सरकता कामा नये. सरकला, तर पंपाच्या ठिपक्याशी त्याचं अंतर वाढत जातं आणि सिग्नल 'हळूहळू कमी' होतो. छान शंभर पिकोसेकंदांचा एक्स्पोनेन्शियल बसतो त्याच्यावर! त्याला लोक मग भौतिकी कारण शोधतात. कॅमेरा लावून पट्टीच्या दोन्ही टोकांना ठिपका तपासा, रोज.

तिसरं, पंपाची तीव्रता बदलून परत मोजा. वेळ बदलत असेल तर प्रक्रिया कुठली हे कळायला मोठी मदत होते. ८० मेगाहर्ट्झचा लेसर असेल तर दोन पल्समध्ये साडेबारा नॅनोसेकंदच असतात, नमुना तेवढ्यात पूर्ण थंड झालाय हे गृहीत धरू नका.

तुमच्या पदार्थाबद्दल: मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये एक थर आणि जाड तुकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. जाड तुकड्यात ऊर्जाफट (इलेक्ट्रॉनाला वर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा) अप्रत्यक्ष, म्हणजे त्या उडीत संवेगही बदलावा लागतो; एका थरात प्रत्यक्ष, म्हणजे लागत नाही. २०१० मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. शिवाय एका थरात इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना इतके घट्ट धरून असतात (बंधनऊर्जा काहीशे मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट) की सामान्य तापमानालाही ते एक्साइटॉन, म्हणजे बांधलेली जोडी, म्हणूनच वावरतात. तेव्हा तिथे 'मोकळे इलेक्ट्रॉन थंड झाले' असं लिहिताना दहादा विचार करा.

हिमवाट

त्यात भर: सगळे एक्साइटॉन प्रकाशाला दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन आणि होल वेगवेगळ्या संवेगाच्या दऱ्यांत बसले तर ती जोडी प्रकाश शोषतही नाही, सोडतही नाही. ओकिनावाच्या ओआयएसटी संस्थेतल्या केशव दाणी यांच्या गटाने २०२० मध्ये एका थराच्या टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये असे काळोखे एक्साइटॉन प्रकाशउत्सर्जनाने थेट टिपले. नुसता ऑप्टिकल प्रोब तिथे आंधळा.

खडूफळा

फार छान चाललंय. मला थरांवर थर रचण्याबद्दल विचारायचंय. दोन वेगळे पदार्थ नुसते एकमेकांवर ठेवले, मध्ये बंधच नाही, तर इलेक्ट्रॉन एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत असेल ना? माझी समजूत अशी की ढिलं जोडलेलं म्हणजे सावकाश.

अर्धवाहक

मॅडम, तसंच वाटायला हवं, पण होतं उलटं. बर्कलीच्या गटाने २०१४ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर आणि टंगस्टन डायसल्फाइडचा एक थर असे रचले. पंपाचा रंग असा निवडला की फक्त मॉलिब्डेनमवाला थर उत्तेजित व्हावा, आणि बघितलं टंगस्टनवाल्यात. ५० फेम्टोसेकंदांच्या आत होल पलीकडे! म्हणजे घसरण्याच्या कंपनाचा एक हेलकावाही पुरा होण्याआधी. यांत्रिकदृष्ट्या ढिलं, इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने अजिबात नाही.

उष्णतेचं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. ग्राफाइटमध्ये थराच्या आडव्या दिशेने उष्णतावहन तांब्याला लाजवेल असं, आणि थरांच्या आरपार शेकडो पटींनी कमी.

तिरकस

मग चिपमध्ये ग्राफीन टाकलं तर उष्णता वर-खाली निघणार कशी? हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

अर्धवाहक

आधी ती इलेक्ट्रॉनांमधून निघायला हवी. त्याला दोन वाटा आहेत. एक, दोष. वर म्हटलं की अकूस्टिक फोनॉन चिल्लर नेतात, कारण संवेग आडवा येतो. पण जाळीत विस्कळीतपणा असेल तर तो संवेगाचा हिशेब स्वतःवर घेतो आणि मग जास्त ऊर्जेचा फोनॉन सुटू शकतो. याला सुपरकोलिजन म्हणतात. एमआयटीच्या गटाने २०१२ मध्ये गणित मांडलं, पुढच्याच वर्षी कॉर्नेल आणि पॅरिस इथे दोन वेगळ्या पद्धतींनी ते प्रयोगात आलं. गचाळ ग्राफीन लवकर थंड होतं. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल.

दुसरी वाट शेजाऱ्याची. अगदी स्वच्छ ग्राफीन बोरॉन नायट्राइडच्या थरांत गुंडाळलं की दोष नसतात, तरी ते पिकोसेकंदांतच थंड होतं. बार्सिलोनाच्या गटाने २०१८ मध्ये कारण दिलं: ग्राफीनमधले तापलेले इलेक्ट्रॉन बोरॉन नायट्राइडच्या ध्रुवीय कंपनांना थेट ऊर्जा देतात, म्हणजे उष्णता थराबाहेर, उभ्या दिशेला जाते. ग्राफीनच्या स्वतःच्या जाळीला मध्ये घ्यायची गरजच नाही. फोटोडिटेक्टर करणाऱ्यांना मात्र हे नको असतं. त्यांना इलेक्ट्रॉन जास्त वेळ तापलेले हवेत.

शेवंती

अवांतर: हे सगळं परदेशातच चालतं का?

हिमवाट

नाही हो. बंगळूरच्या आयआयएससीत अजय सूद यांच्या गटाने रामन आणि फेम्टोसेकंद दोन्ही अंगांनी अशा पदार्थांवर बरीच वर्षं काम केलंय. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्येही फेम्टोसेकंद लेसर आहेत, पण तिथलं गाजलेलं काम प्रचंड तीव्रतेच्या पल्स आणि प्लाझ्माचं.

रेणू_नव्हे_अणू

सर, शेवटचं. आमच्या गाइडनी टँटॅलम डायसल्फाइडबद्दल वाचायला सांगितलंय. त्यात लेसरने पदार्थ 'लपलेल्या अवस्थेत' जातो म्हणे. हे तापून वितळण्यासारखंच नाही का?

अर्धवाहक

नाही, आणि म्हणूनच ते मजेदार. त्याच्या १टी प्रकारात थंडीत टँटॅलमचे तेरा-तेरा अणू एकत्र येऊन ताऱ्याच्या आकाराचे पुंजके करतात आणि पदार्थ विद्युतरोधक होतो. स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाच्या गटाने २०१४ मध्ये अतिशीत नमुन्यावर ३५ फेम्टोसेकंदांची एकच पल्स मारली. रोध धाडकन कोसळला आणि तसाच राहिला. साधं तापवून थंड केलं असतं तर पदार्थ मूळ अवस्थेतच परत आला असता; सावकाश तापवत गेलात तर वाटेत ही अवस्था लागतच नाही. ती पुसायची असेल तर पुन्हा लेसर, विद्युतप्रवाह किंवा उष्णता द्यावी लागते.

ती वेगळी अवस्था आहे याचा पुरावा पुन्हा लाटांतच. ताऱ्याच्या आकाराचा पुंजका श्वास घेतल्यासारखा फुगतो-आकसतो ते कंपन २.४ टेराहर्ट्झच्या आसपास. लपलेल्या अवस्थेत त्याची वारंवारता किंचित खाली येते. त्यामुळे तुमच्या गाइडना हाच प्रयोग हवा असेल तर आधी विचारा: क्रायोस्टॅट (नमुना अतिशीत ठेवायचं उपकरण) मोकळा आहे का, आणि लेसरमधून एकच पल्स काढणारा पल्स पिकर आहे का. कारण इथे नेहमीसारखी लाखो पल्सची सरासरी चालत नाही. पहिल्या पल्सनंतर पदार्थ बदललेला असतो आणि दुसरी पल्स वेगळ्याच पदार्थावर पडते.

रेणू_नव्हे_अणू

क्रायोस्टॅट आहे. पल्स पिकरबद्दल उद्या विचारते, चहाला जायच्या आत गाठते सगळ्यांना.